मिश्रीच्या डबीतली पांढरी पेस्ट

८ जून २०२०, सोमवार

अन् वरून मंजुषा मलेच इचारते, "आई, दोन वेळ ब्रश कराले असा कितीक टाइम लागते वो?" ये ना मंग, तूच कर! तिकडे अकोल्याच्या दवाखान्यात कोरोनाच्या वार्डात नर्स म्हणून उभी राहाते अन् इकडे भातकुलीत आईवर हुकूम सोडते. पोट्टीले बिस्कीट देऊ नोको. मिक्सर लावाच्या आधी तिचे कान झाक. पांढऱ्या खाण्यात पिवळं मिसळू नोको. भिंतीवरची चित्रं बदलू नोको. माणिकबाईले जसं लेकरू कधी पोसताच आलं नाई! तुले कोणं पोसलं मंग?

एप्रिलपासून तिची रागिणी आमच्याकडे हाय. जावई शेखर बी त्याच दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर, मंग नऊ वर्षाच्या पोरीले ठेवते कुठी? ऑटिझम म्हणते तिच्या दुखण्याले. दुखणं कायचं, मले त नाई दिसत. बोलत नाई, एखादा शब्द निघाला त निघाला. पण आपल्या नेमानं राहाते. भिंतीवर सात वारांचे चौकोन हायेत. मंजुषानं चित्रं करून देली, आंघोळीचं, जेवणाचं, ब्रशचं, खेळाचं. ज्या वाराले जे चिकटवलं ते ती बरोबर करते. नाई चिकटवलं ते करत नाई. अन् चौकोन मोकळा राहिला त दिवसभर तिथंच उभी राहून कपाळ आपटते. इतकं सोपं हाय. मोठ्या माणसायपरीस बरी.

फक्त तो ब्रश. मागच्या वर्षी अमरावतीले एका दातवाल्यानं चौघांले तिचे हातपाय धराले लावले, तवापासून तोंडाजवळ बोट नेलं की चावते. आज माह्या अंगठ्याले चावली. मंग म्या ब्रशचं चित्र भिंतीवरून काढलं अन् तांदळाच्या डब्यात खाली दाबून टाकलं. त्या जागी खेळाचं लावलं. भानगडच मिटली. मंजुषाले सांगणार नाई.

यंदाचं तिखट लयच जहाल निघालं. गाल पोळते आतून. दुकानदाराले सुनवाच लागते.

१४ जून, रविवार

फुलांले गिऱ्हाइक नाई. देवळं बंद, लग्नं चोरून. आमचा मोगरा झाडावरच वाळून राहिला. ह्यांनी भेंडी-गवार लावली म्हणून बरं, शफीभाऊ आपल्या टेम्पोत अमरावती-अकोल्याले घेऊन जाते. पण रागिणीले मोगरा पायजेच. मी सकाळी उंबऱ्यावर बसून मिश्री घासते, ती बाजूले बसून कळ्या ओवते. एक कळी या अंगाले, दुसरी त्या अंगाले. एक उलटी झाली की सगळी माळ तोडते अन् पुन्हा सुरू. झालेली माळ नेऊन मोटरपंपाले घालते.

हे म्हणाले, "आपला पंप नवरदेव झाला वो माणिक."

"तुमच्यापरीस देखणा दिसते," म्हटलं.

पंप बी खूश, पोट्टी बी खूश. ओरडणं नाई, चावणं नाई. दुधात फिकं पांढरं बिस्कीट बुडवून देते, चुपचाप खाते. मंजुषाले शिक्षण लय हाय, पण सुख कशात हाय ते तिले कळत नाई.

२ जुलै, गुरुवार

काल जेवली नाई. आज बी नाई. दूधभात समोर ठेवला त ताटलीकडे पाहून रडे, अन् स्वतःच्या गालावर फाडफाड मारून घे. म्या मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. असा ठसका आला की आमी तिघंबी अंगणात. म्हणजे नजर नव्हती. मंग काय हाय? मी रागावली बी तिच्यावर. काय होते ते सांगत काहून नाई? जीभ हाय ना तुले?

हे दिवसभरात चार शब्द बोलणारे. जेवता जेवता म्हणाले, "ते माठाले गाल लावून बसते. डावाच गाल. कालपासून पाहून राहिलो."

"मंग कालच काहून नाई सांगतलं?"

"तू बोलून राहिली होती ना."

दिवा लावून पाहिलं त डावा गाल सुजलेला. माह्या डोयासमोर होता दोन दिवस.

३ जुलै, शुक्रवार

मंजुषानं फोनवर सूज पाहिली. रडली असती त मी बी दोन शब्द बोलली असती, पण ते लगेच डाक्टरांचे नंबर शोधाले लागली. मांगून मशीनचा टूक टूक आवाज येत होता.

अमरावतीच्या दातवाल्यानं फोनवरच हात झटकले. भूल देऊन करा लागते, नागपूरले न्या. नागपूरवाले म्हणते, सध्या भूल देणंच बंद हाय. मंग काय करा? कोरोना सरेपर्यंत त्या पोरीनं माठाले गाल लावून बसाचं काय?

संध्याकाळी मंजुषानं अकोल्याची एक डाक्टरीण शोधली. जठारपेठेत दवाखाना हाय, डॉक्टर कहकशाँ. अशाच लेकरांचे दात पाहते म्हणे. पण दवाखान्यात आता फक्त रक्त वाहून राहिलं, श्वास अडून राहिला असेच पेशंट घेते. आधी औषध देऊन सूज उतरवू म्हणाली. बाटलीतलं औषध, गुलाबी. घ्या! हे पोट्टी पांढऱ्याशिवाय तोंड उघडत नाई.

४ जुलै, शनिवार

औषध दूधभातात कालवलं. भात गुलाबी झाला. ताटली भिंतीवर गेली. माह्या लुगड्यावर बी गेली.

डाक्टरीणबाईले फोन लावला. तरणी हाय आवाजावरून, पण घाई नाई तिच्यात. मले अशी माणसं झेपत नाई. म्हणते, "मावशी, लपवून नका देऊ. एकदा फसवलं ना, तर ती दूधभात पण सोडेल. तुम्ही काय करता ते ती बघते. तिच्यासमोर आधी तुम्ही चमचा घ्या."

"मी कायले औषध पिऊ? माह्या दाताले काय झालं?"

"सरबत प्या हो. गुलाबाचं. रंग तोच."

उंबऱ्यावर बसली. चमचा भरला, प्याली, तोंड पुसलं. पोट्टी पाहून राहिली. पुन्हा एक प्याली. मंग तिचा चमचा भरून खाली ठेवला अन् दुसरीकडे पाहिलं. चमचा रिकामा! तोंड बी पुसलं तिनं, माह्यासारखं, पदर नव्हता त फ्राकनं.

७ जुलै, मंगळवार

सूज उतरली. भात खाल्ला. पण आज भलतंच झालं.

सकाळी मिश्री घासून मी आत चहा ठेवाले गेली. बाहेर आली त पोट्टी माह्या जागेवर बसून हाय. डबी उघडी. बोट तोंडात. अन् दात, ओठ सगळे काळे. तव्यावर भाजलेला तंबाखू तो! म्या किंचाळली. तिनं तिथंच उलटी केली, अंग थंडगार पडलं, डोये फिरवले. ह्यांनी तिले उचलून डोक्यावर पाणी थापलं. डाक्टरीणबाईनं फोनवर सांगतलं तसं तोंड धुतलं, कुशीवर निजवलं, पाहत बसलो. दुपारून उठली अन् मुरमुरे मागतले.

म्या डबी उचलली अन् नाल्यात फेकली. पुन्हा या घरात मिश्री दिसली त मले माणिकबाई म्हणू नोका.

८ जुलै, बुधवार

डबी नाल्यातून आणली.

माह्यासाठी नाई. मले तलफ होती, पण त्यासाठी नाई. सकाळी पोट्टी उंबऱ्यावर येऊन बसली. मी बसली. डबी नाई. तिनं माह्या कमरेची पिशवी चाचपली, पदर झटकला, मंग अशी रडाले लागली की गल्लीतली कुत्री भुंकाले लागली. तिच्या नेमात ते हाय: आजी बसते, डबी उघडते, बोट घालते. शेवटी हे नाल्यात उतरले, डबी घासूनपुसून आणली. रिकामी डबी पाहून बी रडली.

म्या डाक्टरीणबाईले सगळं सांगतलं. रागावन म्हणून तयारीत होती, दोन उत्तरं बी ठेवली होती. तर ते हसली. "मावशी, तोंडाला हात लावू देत नाही म्हणत होता ना? आता स्वतःच बोट घालते! हे तर फार मोठं काम झालं." मंग म्हणे, डबीत पांढरी पेस्ट भरा. झोंबणारी नाई, बिनवासाची, लहान लेकरांची. मंजुषा शफीभाऊच्या टेम्पोत पाठवन. "पण मावशी, आधी तुम्ही घासायची. रोज. आणि दुसरं काही नाही."

दुसरं काही नाई म्हणजे काय ते मले समजलं. मी काही बुद्दू नाई.

२० जुलै, सोमवार

पेस्ट म्हणजे चुना चाटल्यासारखी. नाई तरतरी, नाई चव. डोकं दुखते. पोट साफ होत नाई. काल ह्यांच्यावर रागावली, चप्पल सरळ ठेवली म्हणून. सरळ ठेवली म्हणून! शफीभाऊ भेंडी न्यायले आला, त्याले म्हटलं, तुहा काटा खोटा हाय. तो म्हणाला, "भाभी, तुमच्यापेक्षा कोरोना बरा. तो निदान चौदा दिवसांत सोडतो." हे तिकडे तोंड करून हसून राहिले. पाहून ठेवलं म्या.

पण सकाळी उंबऱ्यावर दोघी बसतो. डबी मधोमध. मी बोट बुडवते, ते बुडवते. मी डावीकडून घासते, ते बी. मी थुंकते, ते बी तितक्याच लांब थुंकते. परवापासून मी बोटाच्या जागी मऊ ब्रश धरला. आज तिनं माहा ब्रश हातातून घेतला, पाहिला, परत देला. आपला मागतला. बोलून नाई, हात पुढे करून.

चार घरांच्या बाया पाहाले येते. "माणिकबाई, म्हातारपणी दात उजळून राहिल्या काय?" म्हटलं, तुमचे पाहा आधी, काजळासारखे.

तिखट अजून झोंबते. दुसऱ्या दुकानचं आणलं तरी.

९ ऑगस्ट, रविवार

आज लय हसलो. ऑगस्टच्या शेवटी या म्हणते डाक्टरीणबाई. दाढ दुधाची हाय, हलून राहिली, काढली की मोकळी. पण ते आता अंगभर झगा घालते, तोंडाले मास्क, वरून काचेचा पडदा. माणसाचं तोंडच दिसत नाई. मी म्हटलं, झालं, पोट्टी दवाखान्याच्या दारातूनच पळते. मंग तिनं एक व्हिडिओ पाठवला. आधी तिचा चेहरा, मंग एकेक गोष्ट घालत जाते.

आमी घरी तालीम केली. ह्यांले शेखरचा जुना पांढरा रेनकोट घातला, तोंडाले रुमाल, अन् पाण्याच्या मोठ्या बाटलीचं प्लास्टिक कापून डोयावर बांधलं. बुढा घामानं निथळला. शेजारच्या बकऱ्या पळाल्या. मी रागिणीचा हात घट्ट धरून उभी, आता ओरडन मंग ओरडन. तर ते हात सोडवून गेली, अन् रेनकोटवरून हात फिरवत म्हणाली, "पांढरं."

कितीक दिवसानं शब्द निघाला. हे नाक पुसाले मागच्या अंगणात गेले, म्हणे घाम आला.

संध्याकाळी मंजुषाचा व्हिडिओ कॉल चालू होता तवाच पोट्टी उठली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, ब्रशचं चित्र काढलं अन् भिंतीवर आपल्या जागी चिकटवलं. म्हणजे जूनपासून तिले माईत होतं!

मंजुषा म्हणाली, "आई, ते चित्र तांदळात काय करत होतं?"

म्हटलं, "किडे लागू नये म्हणून ठेवलं होतं." अन् फोन ठेवला.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

आज अकोल्याले जाऊन आलो. शफीभाऊच्या टेम्पोले भाजीचा पास हाय, आमचा बी ई-पास काढला. महालक्ष्म्यांच्या पूजेतली उरलेली शेवंती मांडीवर घेऊन पोट्टी बसली, जठारपेठ येईपर्यंत माळ झाली.

दवाखान्यात दुसरं कोणी ठेवलं नव्हतं. पंखा बंद, मशीन बंद, पडदे लावलेले. डाक्टरीणबाई पांढऱ्या झग्यात, उंचीनं एवढीशी. रागिणीनं माळ तिच्या गळ्यात घातली. पंपाच्या नंतर हा मान तिलेच!

मंजुषानं काढून देलेल्या चित्रात होतं तसं खुर्चीत आधी मी. रागिणी डबी छातीशी धरून बाजूले उभी. म्या आ केला. डाक्टरीणबाईनं आरसा फिरवला, बोलत बोलत, "बघ रागिणी, आजीचे दात मोजू." आरसा फिरता फिरता डाव्या गालाशी थांबला. मोजणं बी थांबलं. तिनं बोटानं गाल ताणला, दिवा जवळ आणला.

"मावशी, मिश्री कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. पण जुलैत सोडली वो, तुमीच सोडवली."

"तिखट झोंबतं का तोंडात?"

"यंदाची मिरचीच तशी हाय."

दारातून हे म्हणाले, "मले नाई झोंबत."

त्यांले कोणं इचारलं?

तिनं गालाचा फोटो काढला. म्हणाली, "एक पांढरा डाग आहे. लहान आहे. मिश्री सोडलीत ते फार चांगलं केलंत, बऱ्याचदा त्यानंच जातो. पण एक छोटा तुकडा काढून तपासून घेऊ. दिवस कळवते." मी म्हटलं, माहा डाग राहू द्या, पोट्टी थांबून राहिली.

मी उतरली. रागिणी चढली. कोणी धरलं नाई, कोणी ओढलं नाई. डाक्टरीणबाई जे काही हातात घे ते आधी तिच्या तळहाताले लावे, मंग गालाले, मंग आत. लय वेळ लागला. म्या बसून बसून पदराची दशी काढली, पण तोंड नाई उघडलं, हे माह्या जन्मात पहिल्यांदा. दाढेभोवती काही लावून बधिर केलं, अन् दाढ आली बाहेर, मोगऱ्याच्या कळीसारखी. रागिणीनं रक्त पाहिलं, कपाळाले आठी घातली. मंग दाढ मागून घेतली, पाहिली, पांढरी हाय अशी खात्री केली अन् मिश्रीच्या डबीत ठेवून डबी लावली. बाकीच्या दोन किडक्या दातांले औषध लावलं. ते काळे होतीन पण किडणार नाई म्हणे. होऊ द्या.

बाहेर रस्त्याच्या पल्याड मंजुषा उभी. कोरोनाच्या वार्डात ड्युटी होती म्हणून जवळ आली नाई, मास्क लावून, हात मांग बांधून. किती वाळली वो माही पोरगी. एप्रिलपासून लेकरू पाहिलं नाई तिनं, फोनवर सोडून. रागिणीनं तिच्याकडे पाहिलं. धावली नाई. फुटपाथावरच उभी राहून मोठ्ठा आ केला, बोटानं खिंडार दाखवलं.

मंजुषा त्या गाड्यांच्या गर्दीत मटकन खाली बसली. म्या इकडून ओरडली, "उठ वो, रस्ता हाय तो!"

पण तिले रडू देलं जरा वेळ.

३ सप्टेंबर, गुरुवार

पोट्टी खुशाल हाय. भाकरीचा पांढरा पापुद्रा खाल्ला आज, पहिल्यांदा. सकाळ-संध्याकाळ ब्रश. मी सांगत नाई, तेच मले ओढून नेते. तलफ येते अजून, जेवल्यावर जास्त. तवा बडीशेप चघळते. बुढ्यानं चप्पल कशी बी ठेवली तरी चालते आता. एकूण घरात बरं चाललं हाय.

पण मंजुषाचं काही बरोबर नाई. शनिवारपासून रोज फोन, अन् आवाज असा की साखरेत घोळला. "आई, तू जेवली का? आई, थकली त नाई ना? आई, तुले काही पायजे का?" जन्मात मले कधी इतकी गोड बोलली नाई. मागे बिस्किटावरून तासतास भांडे, तेच बरं होतं. काल बिस्कीट देलं असं खोटंच सांगून पाहिलं. म्हणते, "असू दे आई." असू दे! तवाच मले समजलं.

तिकडे ते अन् डाक्टरीणबाई आपसात ठरवून राहिल्या. तुकडा अकोल्याले काढा का नागपूरले पाठवा, आता काढा का कोरोना उतरल्यावर, आईले सांगा का नोको. शेखर बी त्यात. मी काय लहान हाय? माहा गाल, माहा डाग. रागिणीले बी डाक्टरीणबाई सगळं आधी दाखवते, मंगच तोंडात घालते. मले तितकं बी नाई?

मले भेव नाई वाटत. थोडं वाटते. रोज सकाळी ब्रश करताना आरशात गाल ताणून पाहते, अन् माह्या बाजूले उभी राहून पोट्टी बी आपला गाल ताणून पाहते. डाग आधीपरीस लहान दिसते का तोच हाय, समजत नाई. तिखट मात्र काल कमी झोंबलं. का वरणात कमी पडलं होतं कोण जाणे.

आज दुपारी रागिणी खुर्चीचं चित्र घेऊन आली. दवाखान्याच्या तालमीसाठी मंजुषानं काढलं होतं ते. भिंतीवरच्या चौकोनांसमोर उभी राहिली, सोमवारावर ठेवून पाहिलं, गुरुवारावर ठेवून पाहिलं, मंग माह्याकडे पाहून म्हणाली, "आधी आजी."

दोन शब्द. एकाच दमात.

मंजुषाले तवाच फोन लावला. जे बोलली तेच इथं लिहून ठेवते, म्हणजे माह्याच शब्दापासून मी फिरायची नाई. "हे पाय मंजुषा, गोड बोलणं बंद कर, मले त्याची सवय नाई. त्या कहकशाँले इचार अन् मले वार सांग. कुठी जाचं, कोण नेणार, ते बी सांग. रविवारी सकाळी मले भिंतीवर पुढच्या आठवड्याची चित्रं लावा लागते. पोट्टी खुर्ची हातात घेऊन उभी हाय, अन् मोकळा चौकोन तिले चालत नाई, मले बी चालत नाई. शनिवारी दिवेलागणीपर्यंत उत्तर पायजे. सोमवार का गुरुवार?"